रक्ताच्या मूलपेशी आणि त्यांच्या बदलत्या खुणा

रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, हे वाक्य आपण दरवर्षी वर्गात सांगतो. त्यातून निघणारा हिशेब मात्र फळ्यावर क्वचितच मांडला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. १२० दिवसांचे सेकंद होतात सुमारे १ कोटी ४ लाख. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की कळते, शरीराला दर सेकंदाला सुमारे २४ लाख तांबड्या पेशी नव्याने घडवाव्या लागतात. यात पांढऱ्या पेशी आणि रक्तपट्टिका धरलेल्याच नाहीत. रक्तपट्टिका तर आठ-दहा दिवसच टिकतात.

हा पुरवठा हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेतून होतो. तेथील बहुतेक पेशी अर्ध्या-कच्च्या असतात. काही दिवसांत त्या पक्व होऊन रक्तात उतरतात आणि संपतात. या सगळ्यांच्या मुळाशी फार थोड्या अशा पेशी असतात, की ज्यांच्यापासून रक्तातील प्रत्येक प्रकारची पेशी तयार होऊ शकते आणि ज्या विभागताना स्वतःसारखी पेशीही मागे ठेवतात. यांनाच रक्ताच्या मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. सर्व प्रकारांना जन्म देणे आणि आपला साठा टिकवणे हे दोन गुण ज्या पेशीत आहेत, ती मूलपेशी. व्याख्या ही एवढीच.

अडचण येते ती पुढे. हे दोन्ही गुण पेशीकडे पाहून दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मूलपेशी एखाद्या लहान गोल लसिकापेशीसारखीच दिसते. तिला ना वेगळा आकार, ना वेगळा रंग. मग हजारो पेशींतून ती ओळखायची कशी? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण ओळख पटवण्यासाठी शास्त्रज्ञांनी ज्या खुणांवर भिस्त ठेवली, त्या खुणाच पेशीच्या वयाबरोबर बदलतात असे या शोधाच्या ओघात ध्यानात आले.

प्लीहेवरच्या गाठी

१९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडले. स्फोटातून आणि आगीतून वाचलेली अनेक माणसे पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन दगावली. किरणोत्साराने त्यांची मज्जा निकामी झाली होती. त्यानंतर किरणोत्साराचा रक्तावर होणारा परिणाम हा अनेक प्रयोगशाळांचा विषय बनला. शिकागो येथे लिऑन जेकबसन यांना १९४९ च्या सुमारास दिसून आले, की उंदराला घातक मात्रेचा किरणोत्सार देताना त्याची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली, तर तो जगू शकतो. (उंदराच्या प्लीहेतही रक्त तयार होते.) १९५१ मध्ये लॉरेंझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की निरोगी उंदराची मज्जा शिरेतून टोचूनही असा उंदीर वाचवता येतो.

वाचवते कोण, एखादे रसायन की जिवंत पेशी? यावर काही काळ वाद झाला. १९५६ मध्ये इंग्लंडमधील हारवेल येथील फोर्ड आणि सहकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला. त्यांनी दाता म्हणून असे उंदीर निवडले, की ज्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा वेगळे, सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येणारे होते. वाचलेल्या उंदराच्या मज्जेत विभागणाऱ्या पेशी पाहिल्या, तर त्या या खुणेच्या निघाल्या. म्हणजे दात्याच्या पेशीच नव्या घरी रुजल्या होत्या. रक्ताच्या इतिहासात खुणेवरून पेशीचा वंश ओळखण्याचा हा एक आरंभ होता.

पुढचे पाऊल टोरांटोमध्ये पडले. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकुलक हे वैद्यक. दोघे मिळून मज्जेतील पेशी किरणोत्सार किती सोसतात हे मोजत होते. मज्जा टोचल्यानंतर सुमारे दहा दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उठलेल्या मॅकुलक यांना दिसल्या. टोचलेल्या पेशी जितक्या जास्त, तितक्या गाठी जास्त. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ, असे प्रमाण पडत होते. १९६१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. १९६३ मध्ये बेकर, मॅकुलक आणि टिल यांनी पुन्हा गुणसूत्रांच्या खुणा वापरून दाखवले, की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. एका पेशीपासून अनेक प्रकारच्या रक्तपेशी होतात, याचा हा पहिला भक्कम पुरावा होता.

प्लीहेवर गाठ उठवते ती मूलपेशी, असे वर्षानुवर्षे धरले गेले. पण १९८२ मध्ये मॅग्ली, इस्कोव्ह आणि ओडार्चेंको यांनी रोज निरीक्षण करून दाखवले, की आठव्या दिवशी दिसणाऱ्या बऱ्याच गाठी थोड्याच दिवसांत विरून जातात आणि नंतर दिसणाऱ्या गाठी दुसऱ्याच जागी असतात. लवकर उठणारी गाठ मूलपेशीची नसून तिच्या पुढच्या पिढीतील, थोडकेच आयुष्य असलेल्या पेशीची असते. खूण आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा येथे पहिल्यांदा मिळाला. पुढे तो पुनःपुन्हा मिळणार होता.

पेशीच्या अंगावरील निशाण्या

पेशीच्या बाह्य आवरणावर शेकडो प्रकारची प्रथिने असतात. काही बाहेरचे रासायनिक निरोप स्वीकारतात, काही शेजारच्या पेशीला चिकटून राहण्यासाठी उपयोगी पडतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीवर या प्रथिनांचा संच थोडा निराळा असतो. तो वाचता आला तर पेशी ओळखता येईल, हा विचार जुना. त्यासाठी लागणारी दोन साधने १९७० च्या आसपास हाती आली.

पहिले साधन म्हणजे पेशी निवडणारे यंत्र. लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशींची आकारमानानुसार वेचणी करणारे यंत्र बनवले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी ते घेऊन त्यात चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या आधारे निवड करण्याची सोय केली. १९६९ मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. या यंत्रात पेशी एकामागून एक, बारीक धारेतून प्रकाशझोतासमोरून जातात. ज्या पेशीला रंगद्रव्य चिकटले आहे, ती चमकते. तिला घेऊन जाणाऱ्या थेंबावर यंत्र विद्युतभार ठेवते आणि तो थेंब विद्युत पट्ट्यांमधून जाताना बाजूच्या नळीत वळवला जातो. धान्य पाखडताना सूप जे वजनाच्या जोरावर करते, ते येथे विद्युतभाराच्या जोरावर होते. फरक इतकाच, की येथे दाणा न् दाणा तपासला जातो.

दुसरे साधन म्हणजे नेमके एकाच प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज केलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशाची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत शोधली. तिच्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता कोणत्याही प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड बनवावे, त्याला चमकणारे रंगद्रव्य जोडावे, पेशींत मिसळावे आणि यंत्रातून वेचणी करावी, असा मार्ग खुला झाला. प्रतिपिंडांचा इतका सुकाळ झाला, की एकाच प्रथिनाला चार प्रयोगशाळा चार नावे देऊ लागल्या. म्हणून १९८२ मध्ये पॅरिसच्या परिषदेपासून या प्रथिनांना सीडी ही अक्षरे आणि पुढे क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली.

त्या यादीतील सीडी ३४ हे नाव पुढे फार गाजले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट सिव्हिन यांनी १९८४ मध्ये माणसाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींविरुद्ध एक प्रतिपिंड तयार केले. ते सामान्य मज्जेतील शंभरांपैकी जेमतेम एक ते चार पेशींना चिकटत असे. या मोजक्या पेशींतच कच्च्या, वाढ देणाऱ्या पेशी एकवटलेल्या होत्या. १९८८ मध्ये बेरेन्सन आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. किरणोत्साराने मज्जा नष्ट झालेल्या माकडांत केवळ सीडी ३४ असलेल्या पेशी सोडल्या, तरी त्यांचे रक्त पुन्हा तयार होऊ लागले. आजही मूलपेशी रोपणापूर्वी रुग्णालयात सीडी ३४ असलेल्या पेशींचीच मोजणी होते. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी परत द्यायच्या असतील, तर शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे निदान २० लाख अशा पेशी असाव्यात, असा संकेत आहे.

वेचणीचे यश

त्याच १९८८ साली स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेतून स्पँगरूड, हाइमफेल्ड आणि वाइसमन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उंदराच्या मज्जेतून त्यांनी आधी नको त्या पेशी वगळल्या. बी आणि टी या लसिकापेशींच्या खुणा ज्यांवर आहेत, जंतुभक्षक पांढऱ्या पेशींच्या खुणा ज्यांवर आहेत, त्या सर्व बाजूला. उरलेल्यांपैकी स्का-१ हे प्रथिन असलेल्या आणि थाय-१ हे प्रथिन थोडे असलेल्या पेशी त्यांनी निवडल्या. मज्जेतील दोन हजारांत एखादीच पेशी या चाळणीतून उतरत होती. अशा अवघ्या ३० पेशी टोचल्या, तर घातक किरणोत्सार दिलेल्या उंदरांपैकी निम्मे वाचत. न निवडलेल्या मज्जेतील कित्येक हजार पेशींचे काम या ३० पेशी करत होत्या.

वगळण्याच्या यादीत मॅक-१ नावाचे प्रथिन होते, ही बारीक गोष्ट येथे लक्षात ठेवू या. प्रौढ उंदरात ते जंतुभक्षक पेशींची खूण आहे. म्हणून मॅक-१ दिसले की ती मूलपेशी नव्हे, असा नियम झाला.

चाळणी अधिक बारीक होत गेली. १९९६ मध्ये जपानमधील ओसावा, नाकाउची आणि सहकाऱ्यांनी एकेका उंदरात एकच निवडलेली पेशी सोडली. सुमारे पाचांतील एका उंदरात त्या एकट्या पेशीपासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी दीर्घकाळ तयार होत राहिल्या. मूलपेशीच्या व्याख्येची याहून कडक परीक्षा नाही. पण या यशात एक कोडे होते. परीक्षेला उतरलेल्या पेशींवर सीडी ३४ हे प्रथिन नव्हते, किंवा अगदी नावापुरते होते. ज्या खुणेवर माणसाच्या मूलपेशींचे रोपण चालले होते, तीच खूण प्रौढ उंदराच्या मूलपेशीवर नसावी?

वय मध्ये येते

कोड्याचे एक उत्तर अमेरिकेतील चार्ल्सटन येथील माकिओ ओगावा यांच्या गटाने दिले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले, की प्रौढ उंदराला एक विशिष्ट कर्करोगविरोधी औषध देऊन त्याच्या विसावलेल्या मूलपेशींना कामाला लावले, तर त्यांच्यावर सीडी ३४ उगवते. सगळे स्थिरस्थावर झाले की ते पुन्हा नाहीसे होते. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, त्यांनी वेगवेगळ्या वयांचे उंदीर तपासले. नवजात आणि काही आठवड्यांच्या पिल्लांतील मूलपेशींवर सीडी ३४ होते. पिल्ले तरुण होऊ लागली तशा ते नसलेल्या मूलपेशी दिसू लागल्या. दहा आठवड्यांच्या उंदरांत बहुतेक मूलपेशी या खुणेवाचून होत्या. पेशीचे काम तेच, वंश तोच. वयाबरोबर अंगावरची निशाणी तेवढी गेली.

आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते आणि जून पान गर्द हिरवे. तांबूस पान हीच आंब्याची खूण असे कोणी ठरवले, तर त्याला आंब्याचे जुने झाड ओळखता येणार नाही. उंदरातील सीडी ३४ ची गत अशीच झाली होती.

याच्या आधी, १९९५ मध्ये, शॉन मॉरिसन, वाइसमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातील मूलपेशी शुद्ध केल्या होत्या. जन्मापूर्वी काही काळ रक्त यकृतात तयार होते. तेथील मूलपेशींवर चक्क मॅक-१ होते. प्रौढ उंदरासाठीची चाळणी गर्भाला जशीच्या तशी लावली असती, तर नेमक्या मूलपेशीच टाकून दिल्या गेल्या असत्या. एकच खूण प्रौढात 'ही ती नव्हे' असे सांगते आणि गर्भात 'ही ती असू शकेल' असे सांगते.

असे का व्हावे? गर्भात आणि जन्मानंतर काही काळ मूलपेशींना स्वतःचा साठा वाढवायचा असतो, म्हणून त्या भराभर विभागत असतात. कॅनडातील कॉनी ईव्ह्ज यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की उंदराच्या पिल्लात जन्मानंतर तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यांच्या दरम्यान हा वेग झपाट्याने उतरतो आणि बहुतेक मूलपेशी विसावतात. शरीराची गरज बदलली की पेशीचा व्यवहार बदलतो आणि त्या व्यवहाराला लागणारी आवरणावरची प्रथिनेही बदलतात. आपण ज्यांना खुणा म्हणतो, ती पेशीच्या दृष्टीने रोजच्या कामाची अवजारे आहेत. ती आपल्या सोयीसाठी लावलेली नावाची पाटी नाही.

म्हाताऱ्या मज्जेत गर्दी का?

बालपणाची गोष्ट झाली, आता म्हातारपणाची. वय वाढले की मूलपेशी कमी होत जात असतील, असे कोणालाही वाटेल. मॉरिसन, वाइसमन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये म्हाताऱ्या उंदरांची मज्जा तपासली, तेव्हा उलटेच दिसले. खुणांवरून मोजलेल्या मूलपेशींचे प्रमाण तरुण उंदरांच्या सुमारे पाचपट होते. मात्र दुसऱ्या उंदरात सोडल्यावर मज्जेपर्यंत पोहोचून तेथे रुजण्याची त्यांची क्षमता तरुण पेशींच्या सुमारे चौथाईच होती. संख्या वाढली होती, कस उतरला होता. नुसत्या खुणा मोजून थांबले असते, तर म्हाताऱ्या उंदराची मज्जा तरुणापेक्षा सरस ठरली असती.

कस उतरतो म्हणजे काय, हे पुढच्या दशकात अधिक स्पष्ट झाले. रक्तपेशींच्या वंशवृक्षाच्या दोन मोठ्या फांद्या आहेत. लसिकाशाखेतून बी आणि टी पेशी येतात. नवा जंतू ओळखणे, त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवणे, लशीची आठवण ठेवणे ही त्यांची कामे. मज्जाशाखेतून जंतुभक्षक पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका आणि तांबड्या पेशी येतात. २००५ मध्ये रॉसी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की म्हाताऱ्या उंदराच्या मूलपेशी लसिकाशाखेकडे कमी आणि मज्जाशाखेकडे अधिक झुकतात. आणि हा कल तरुण उंदराच्या शरीरात नेऊन सोडल्यावरही टिकतो. म्हणजे दोष केवळ भोवतालचा नव्हता, पेशीच्या आतलाही होता. २०११ मध्ये वाइसमन यांच्या प्रयोगशाळेतील पँग आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध माणसांची मज्जा ताडून पाहिली. तेथेही वृद्धांत मूलपेशींचे प्रमाण वाढलेले आणि त्यांचा कल मज्जाशाखेकडे झुकलेला आढळला. वृद्धांना नव्या संसर्गाशी झुंजणे जड का जाते आणि काही लशींचा त्यांच्यावर कमी परिणाम का होतो, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण येथे असावे.

पेशी बदलली की वस्ती?

याच काळात नव्या खुणा हाती आल्या होत्या. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठात कील, मॉरिसन आणि सहकाऱ्यांनी सीडी १५० असलेल्या, पण सीडी ४८ आणि सीडी ४१ नसलेल्या पेशी निवडण्याची रीत सांगितली. नेहमीच्या खुणांना ही जोड दिली, तर निवडलेल्या पेशींपैकी जवळजवळ निम्म्या पेशी एकट्याने परीक्षेला उतरत. पुढच्या वर्षी याच प्रयोगशाळेने दाखवले, की सीडी १५० आणि सीडी ४८ यांची ही जोडी म्हाताऱ्या उंदरांतही उपयोगी पडते. म्हणजे सगळ्याच खुणा वयाबरोबर पुसल्या जातात असे नाही.

पण खूण टिकली तरी तिचे प्रमाण बदलू शकते. २०१० मध्ये बीअरमन, रॉसी आणि सहकाऱ्यांनी, तसेच नाकाउची यांच्या गटानेही, मूलपेशींची सीडी १५० च्या प्रमाणानुसार प्रतवारी केली. ज्यांच्यावर हे प्रथिन भरपूर, त्या पेशी मज्जाशाखेकडे झुकलेल्या. ज्यांच्यावर कमी, त्यांच्याकडून लसिकापेशी अधिक. आणि म्हाताऱ्या उंदरांत पहिल्या प्रकारच्या पेशींचीच गर्दी.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. एखाद्या कोकणातल्या गावात तीस वर्षांपूर्वी दहांतील दोघांचे केस पांढरे होते आणि आज दहांतील सहांचे आहेत, असे समजा. याची कारणे दोन असू शकतात. होती तीच माणसे म्हातारी झाली असतील. किंवा तरुण मुले मुंबईला निघून गेली असतील. पहिल्यात माणूस बदलला, दुसऱ्यात वस्तीची घडण बदलली. गावाच्या सरासरीवरून हा भेद कळत नाही. एकेका घराचा माग काढावा लागतो. बीअरमन यांच्या कामातून दिसले, की मूलपेशींच्या बाबतीत दुसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा आहे: सीडी १५० भरपूर असलेल्या पेशी तरुणपणीही असतात, पण वयाबरोबर त्यांचाच वंश वाढत जातो. असे असले तरी एकेक पेशीही म्हातारी होते आणि तिचा कस उतरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

सीडी ४१ ची कथाही मॅक-१ सारखीच वळण घेते. हे मुळात रक्तपट्टिकांवरचे प्रथिन, रक्त गोठताना उपयोगी पडणारे. म्हणून २००५ च्या चाळणीत ते वगळण्याच्या यादीत होते. पण २०१३ मध्ये बार्सिलोना येथील गेकास आणि ग्राफ यांनी दाखवले, की प्रौढ उंदरातील काही मूलपेशींवर सीडी ४१ असते, अशा पेशी मज्जाशाखेकडे झुकलेल्या असतात आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. पी-सिलेक्टिन, म्हणजे सीडी ६२ पी, हे रक्तपट्टिकांशी नाते असलेले आणखी एक प्रथिन. म्हाताऱ्या मूलपेशींत त्याचे जनुक अधिक जोमाने काम करते, असे याआधीच दिसून आले होते. उंदराची म्हातारी मूलपेशी अशा रीतीने रक्तपट्टिकांच्या वेशाकडे झुकताना दिसते.

खुणेचा नवा उपयोग

खूण वयाबरोबर बदलते ही आतापर्यंत अडचण होती. तिचाच उपयोग करून घेण्याचा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वाइसमन यांचा गट आणि माँटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळा यांनी मिळून म्हाताऱ्या उंदरांना अशी प्रतिपिंडे टोचली, की जी मज्जाशाखेकडे झुकलेल्या मूलपेशींवरील खुणांना चिकटतात. सीडी १५०, सीडी ६२ पी आणि निओजेनिन-१ ही ती प्रथिने. प्रतिपिंड चिकटलेल्या पेशी शरीराकडूनच नष्ट केल्या गेल्या. उरलेल्या समतोल मूलपेशींपासून लसिकापेशींचा पुरवठा वाढला, शरीरातील दाहाची काही लक्षणे उतरली आणि लस टोचल्यानंतर एका विषाणूविरुद्ध या उंदरांचे संरक्षण सुधारले. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. त्यावरून माणसावर उपचार करण्यापूर्वी बरीच वाट चालायची आहे. कोणत्या खुणेच्या पेशी काढायच्या, यात चूक झाली तर साठाच संपण्याचा धोका आहे.

याच प्रश्नावर महाराष्ट्रातही काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या मूलपेशींना तरुण मज्जेतील आधारपेशींचा सहवास दिला. आधारपेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पुटिका म्हाताऱ्या मूलपेशींपर्यंत पोहोचतात आणि त्यांचे काम सुधारते, असा निष्कर्ष त्यांनी उंदरांच्या पेशींवरून २०१८ मध्ये मांडला. खुणेवरून पेशी काढून टाकण्यापेक्षा हा मार्ग निराळा, पण रोख तोच: म्हातारपणातही मूलपेशींचा कस टिकवता येईल का?

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातील पहिले अस्थिमज्जा रोपण झाले. तेव्हापासून देशात हा उपचार पसरत गेला आहे. नात्याबाहेरचा दाता शोधताना दात्याचे वय पाहिले जाते आणि जुळणाऱ्या दात्यांत तरुणाला झुकते माप दिले जाते, कारण तरुण दात्याच्या पेशी मिळालेल्या रुग्णांचे निकाल सरस असल्याचे आढळले आहे. सीडी ३४ ची मोजणी दोघांची सारखी आली, तरी विशीतल्या आणि साठीतल्या दात्याच्या पेशींचा कस सारखा असेलच असे नाही.

वर्गासाठी

आठवी-नववीच्या वर्गात या इतिहासातून एक गोष्ट सांगता येईल. व्याख्या आणि लक्षण यांत फरक असतो. मूलपेशीची व्याख्या तिच्या कामावरून केली जाते. सीडी ३४ किंवा सीडी १५० ही तिची लक्षणे आहेत. लक्षण सोयीचे असते, लवकर पाहता येते. पण ते विशिष्ट प्राण्यात, विशिष्ट वयात आणि विशिष्ट स्थितीतच खरे असते. म्हणून नवी खूण सापडली की शास्त्रज्ञ त्या खुणेची पेशी पुन्हा मज्जाहीन उंदरात सोडून पाहतात. टिल आणि मॅकुलक यांच्या काळापासून चालत आलेली ही परीक्षा अजून सुटलेली नाही, ती यासाठीच.

मुलांना हे पटवायला मूलपेशींपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पावसाळ्यात डबक्यातला बेडूकमासा आणून काचेच्या बरणीत ठेवावा. त्याला कल्ले आहेत, शेपूट आहे, पाय नाहीत. लक्षणांवरून हा कोण, असे विचारावे. बहुतेक मुले मासा म्हणतील. मग काही आठवडे दर चार-पाच दिवसांनी त्याचे चित्र वहीत काढायला सांगावे आणि प्रत्येक चित्राखाली वय लिहायला सांगावे. प्राणी तोच राहतो आणि लक्षणे बदलत जातात, हे मुलांना त्यांच्याच चित्रांतून दिसेल. लक्षणाशेजारी वय लिहून ठेवण्याची ही सवय रक्ताच्या मूलपेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना लागायला १९८८ ते २०१३ अशी पंचवीस वर्षे लागली.